सूज किती आणि वण किती: क्रोन आजाराच्या एका रुग्णाचा सोनोग्राफीने केलेला पाठपुरावा

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहणारा ३१ वर्षांचा विवाहित तरुण आहे. घरची थोडी भातशेती आणि खानापूर-बेळगाव मार्गावर भाड्याने चालणारा मालवाहू टेंपो यांवर सहा माणसांचे कुटुंब चालते. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील बदलले आहेत. ज्या मोजमापांवर निर्णय झाले ती आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा मांडला आहे.

आजाराची सुरुवात आमच्याकडे येण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी झाली. पोटाच्या उजव्या खालच्या भागात कळ, दिवसातून चार-पाच वेळा पातळ शौच, संध्याकाळी अंगात कणकण आणि ५८ किलोवरून ४९ किलोपर्यंत उतरलेले वजन अशी तक्रार होती. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्या आतड्याची सुरुवात जिथे मिळते त्या जागी व्रण (जखमा) दिसले. तिथून घेतलेल्या तुकड्यांत जुनाट दाह आढळला, पण क्षयाचे जंतू दिसले नाहीत आणि जंतूंची जनुके शोधणारी सीबीनॅट चाचणीही निगेटिव्ह आली.

आपल्या देशात या टप्प्यावर नेहमीच पेच पडतो. आतड्याचा क्षय आणि क्रोन आजार (प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटून होणारा जुनाट दाह) हे दोन्ही नेमक्या याच जागी घर करतात, दोन्हींत व्रण होतात, दोन्हींत आतडे जाड होऊन आकसते आणि दोन्हींत ताप व वजन घटणे असते. आतड्याच्या क्षयात जंतूंची संख्या मुळातच कमी असल्यामुळे चाचणी निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. उलट क्षय असताना चुकून क्रोनचे उपचार दिले, तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे क्षय पसरून जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवातीच्या डॉक्टरांनी क्षयाची औषधे सुरू केली. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तो निर्णय योग्यच होता.

पहिल्या दोन महिन्यांत कणकण थांबली आणि वजन दोन किलोंनी वाढले. घरच्यांनी आणि उपचार करणाऱ्यांनीही हाच निदानाचा पुरावा मानला. क्रोनच्या रुग्णांनाही क्षयाच्या औषधांनी काही काळ बरे वाटू शकते. खरा निकष आहे तो व्रण भरून येण्याचा, आणि क्षय असेल तर ते भरून येणे साधारण दोन महिन्यांनंतरच्या कोलोनोस्कोपीत दिसू लागते. ती तपासणी झाली नाही. सहा महिन्यांचा उपचार नऊ महिन्यांपर्यंत वाढवला गेला आणि तेवढ्या काळात आतड्यात काय चालले आहे हे कोणी पाहिले नाही.

समस्या

औषधे संपल्यानंतर पाच महिन्यांनी रुग्णाच्या तक्रारीचे रूप बदलले. पातळ शौच कमी झाले, पण जेवणानंतर पोट फुगू लागले. त्याच्याच शब्दांत सांगायचे तर, “जेवलं की दोन तासांनी पोटात पीळ पडतंय, मग गुडगुडून सुटलं की बरं वाटतंय.” हे वर्णन ज्याने ऐकले आहे त्याला ते वाट अडलेल्या आतड्याचे आहे हे कळायला वेळ लागत नाही. मे महिन्यात घरच्या फणसाचे गरे खाल्ल्यानंतर त्याला रात्रभर उलट्या झाल्या, पोट ताठरले आणि इस्पितळात भरती करून नाकातून नळी घालावी लागली. फणसाचे गरे, मक्याचे कणीस, कच्चा कोबी असे चोथ्याचे पदार्थ अरुंद जागेत अडकतात. खानापूर भागात मे-जूनमध्ये पोट अडलेला रुग्ण आला, तर आहाराच्या चौकशीत फणसाचा प्रश्न आवर्जून विचारावा असे मला वाटते.

त्या भरतीत काढलेल्या सीटी स्कॅनच्या अहवालात लहान आतड्याच्या शेवटच्या सुमारे ३० सेंटिमीटर भागाची भिंत जाड झाल्याची आणि वाट अरुंद झाल्याची नोंद होती. शस्त्रक्रिया करून तो सारा भाग, लहान आणि मोठ्या आतड्यामधल्या झडपेसह आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीसह, काढावा असा सल्ला मिळाला. “पोटावर पिशवी लावावी लागेल का?” हा, म्हणजे शौच बाहेरच्या पिशवीत जमा करावे लागेल का हा, रुग्णाच्या आईचा पहिला प्रश्न होता, आणि त्या भीतीपोटीच थोरला भाऊ त्याला दुसऱ्या मतासाठी आमच्या पोटविकार विभागात घेऊन आला.

त्याच्या कागदांच्या पिशवीत क्षयाच्या उपचाराचे कन्नडमध्ये भरलेले कार्ड, इंग्रजीत टंकलेले अहवाल आणि दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी केलेल्या तीन सोनोग्राफी होत्या. सीमाभागातला रुग्ण गरजेप्रमाणे कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला, तर कधी लोंढा-मिरज मार्गावरची गाडी धरून मिरजेला जातो. त्याचे कागद असेच तीन भाषांत आणि दोन राज्यांत विखुरलेले असतात. त्या तीनही सोनोग्राफींत “उजव्या बाजूला आतड्याला सूज” एवढेच नमूद होते. भिंत किती मिलिमीटर, किती लांबीपर्यंत, रक्तप्रवाह किती, अरुंद जागेच्या मागचे आतडे फुगले आहे का, यांपैकी एकही आकडा नव्हता. आजार वाढत होता की घटत होता, हे त्यामुळे मागे वळून सांगणे अशक्य झाले होते.

वैद्यकीय प्रश्न असा होता: आतड्याची वाट अरुंद झाली ती सुजेमुळे की वणामुळे? सूज असेल तर औषधांनी ओसरेल आणि आतडे वाचेल. वण, म्हणजे भिंतीत साचलेला घट्ट तंतुमय भाग असेल, तर औषधे महिनोन्महिने देऊनही वाट मोकळी होणार नाही आणि दरम्यान मागचे आतडे ताणून फाटण्याचा किंवा गळू होण्याचा धोका वाढत राहील.

पहिली सविस्तर सोनोग्राफी

रुग्णाला सकाळी उपाशीपोटी बोलावले. आधी पोट वरवर पाहण्यासाठी बहिर्गोल प्रोब (यंत्राचा पोटावर फिरवायचा भाग) आणि मग भिंतीचे थर दिसावेत म्हणून उच्च वारंवारितेचा सपाट प्रोब वापरला. उजव्या बाजूला कण्यालगतचा सोआस स्नायू आणि त्यावरून पायाकडे जाणाऱ्या इलियाक रक्तवाहिन्या या खुणा सापडल्या की त्यांच्यावरून ओलांडून जाणारा लहान आतड्याचा शेवटचा भाग शोधता येतो. प्रोबने हळूहळू दाब देत गेले की मधला वायू बाजूला सरतो आणि निरोगी आतडे दबते, तर आजारी आतडे ताठ राहते. दाब देऊन पाहण्याची ही रीत डच रेडिओलॉजिस्ट युलियन पुयलार्ट यांनी १९८६ मध्ये अपेंडिक्सच्या सुजेसाठी मांडली होती आणि आतड्याच्या सोनोग्राफीचा पाया आजही तोच आहे.

भिंतीची जाडी मोजताना आम्ही शिस्त पाळली. आतल्या पोकळीच्या कडेपासून बाहेरच्या स्नायूथराच्या कडेपर्यंत, भिंतीला काटकोनात, दोन मोजमापे उभ्या छेदात आणि दोन आडव्या छेदात घेऊन त्यांची सरासरी काढली. ३ मिलिमीटरपर्यंतची जाडी सर्वसामान्य धरली जाते. रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या कलर डॉप्लरसाठी वेगाची पट्टी सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या आसपास खाली आणली, कारण भिंतीतला रक्तप्रवाह मंद असतो आणि पट्टी वर ठेवली तर तो दिसतच नाही. रक्तप्रवाहाची नोंद लिम्बर्ग श्रेणीत, म्हणजे ० ते ४ या पायऱ्यांत केली; पायरी जितकी वरची तितका प्रवाह जास्त.

सीटीच्या अहवालात सलग ३० सेंटिमीटर दिसलेला आजार इथे दोन वेगळ्या भागांत विभागलेला आढळला. पहिला भाग झडपेला लागून सुमारे ११ सेंटिमीटर लांब होता. त्याची भिंत ७.८ मिलिमीटर जाड होती, थर एकमेकांत मिसळून भिंत काळपट दिसत होती, रक्तप्रवाह लिम्बर्ग ३ होता आणि भोवतीची चरबी फुलून पांढरट झाली होती. जवळ काही लहान गाठी होत्या. मध्यभागी कुजलेल्या, क्षयाकडे बोट दाखवणाऱ्या गाठी नव्हत्या. पोटात पाणी नव्हते, गळू नव्हते, नासूर नव्हता.

त्यानंतर साधारण १५ सेंटिमीटर आतडे बऱ्यापैकी निरोगी होते आणि त्याच्या वर ४ सेंटिमीटरचा दुसरा भाग होता. इथे भिंत ५.२ मिलिमीटर, म्हणजे पहिल्या भागापेक्षा पातळ होती. पण तिचे थर स्पष्ट दिसत होते, मधला, म्हणजे आतल्या अस्तराखालचा अधःश्लेष्म थर जाड आणि उजळ होता, रक्तप्रवाह जेमतेम लिम्बर्ग १ होता आणि त्या तुकड्यात आकुंचनाची लाट येतच नव्हती. त्याच्या मागचे आतडे ३.१ सेंटिमीटरपर्यंत फुगले होते आणि आतला द्रव पुढे जाण्याऐवजी पुढे-मागे हेलकावत होता. मागचे आतडे २.५ ते ३ सेंटिमीटरच्या वर फुगणे ही वाट खरोखर अडल्याची खूण मानली जाते. रुग्णाच्या पोटातला पीळ या छोट्या, कमी सुजलेल्या तुकड्यामुळे होता, आणि सर्वांचे लक्ष होते ते मोठ्या, लालभडक तुकड्याकडे.

इथे एक सावधगिरी अहवालातच लिहून ठेवली होती. थर मिसळलेले आणि रक्तप्रवाह जास्त असेल तर सुजेकडे, थर शाबूत आणि रक्तप्रवाह कमी असेल तर वणाकडे कल असतो, एवढेच म्हणता येते. शस्त्रक्रियेत काढलेली आतडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की बहुतेक अरुंद भागांत दोन्ही एकत्र असतात, शिवाय स्नायूथरही जाडावलेला असतो. कोणतीही प्रतिमा, मग ती सोनोग्राफीची असो, सीटीची असो की एमआरआयची, एकट्याने या दोहोंचे प्रमाण विश्वासाने सांगू शकत नाही. भिंतीचा कडकपणा मोजणारी शिअर-वेव्ह इलास्टोग्राफी यंत्रात उपलब्ध होती आणि दुसऱ्या भागाचा आकडा जास्त आला. पण त्यासाठी सर्वमान्य मर्यादा ठरलेली नसल्यामुळे आम्ही तो आकडा नोंदवला आणि निर्णयाला आधार म्हणून वापरला नाही.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय होता लगेच शस्त्रक्रिया करून संपूर्ण ३० सेंटिमीटर काढण्याचा. झडपेजवळच्या मर्यादित आजारात लवकर शस्त्रक्रिया करणे काही गैर नाही. नेदरलँड्स आणि युनायटेड किंग्डममधील १४३ रुग्णांवरच्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती औषधोपचाराला रास्त पर्याय ठरली होती. मात्र त्या अभ्यासात मागचे आतडे फुगलेले, वाट अडलेले रुग्ण नव्हते. शिवाय लहान आतड्याच्या याच शेवटच्या भागात ब-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार शोषले जातात. तो एवढ्या लांबीने गेला तर जन्मभर इंजेक्शने आणि पातळ शौच मागे लागू शकते. ४७ किलोवर आलेल्या, रक्तातील प्रथिने घटलेल्या रुग्णात आतड्याचा शिवलेला जोड सुटण्याची भीतीही जास्त होती.

फुग्याने अरुंद भाग रुंद करण्याचा विचार फार पुढे गेला नाही. ४ सेंटिमीटरचा तुकडा लांबीच्या दृष्टीने त्याला चालला असता, पण तिथे पोहोचण्यासाठी सुजलेल्या, व्रणयुक्त ११ सेंटिमीटरमधून दुर्बीण न्यावी लागली असती.

औषधांचा पर्याय खुला होता. अरुंद आतड्याच्या रुग्णांना अडॅलिमुमॅब हे दाह रोखणारे इंजेक्शन देऊन पाहिलेल्या ‘क्रिओल’ या फ्रान्समधील अभ्यासात ९७ पैकी ६२ रुग्णांना २४ आठवड्यांनंतर लाभ टिकला होता. म्हणजे अरुंद भाग दिसला की औषध निरुपयोगी, हा जुना समज तितकासा खरा नाही. पण उरलेल्या ३५ रुग्णांचाही विचार करावाच लागतो, आणि आमचा रुग्ण कोणत्या गटात आहे हे आधी ओळखण्याची खात्रीची खूण नव्हती.

पाठपुरावा एमआरआयने करावा की सोनोग्राफीने, यावर विभागात बराच वेळ चर्चा झाली. ब्रिटनमधील आठ इस्पितळांतल्या २८४ रुग्णांच्या ‘मेट्रिक’ अभ्यासात लहान आतड्यातील आजाराची व्याप्ती ओळखण्याची संवेदनशीलता एमआरआयची ८० टक्के आणि सोनोग्राफीची ७० टक्के होती. अचूकतेत एमआरआय सरस आहे हे मान्य करूनच एक एमआरआय काढला आणि दोन भागांचे चित्र पक्के केले. पण चौथ्या, बाराव्या आणि पुढच्या आठवड्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय काढणे या कुटुंबाला झेपणारे नव्हते, आणि इतक्या तरुण माणसाला पुन्हा सीटीच्या किरणांखाली घालणे आम्हाला पटत नव्हते. सरकारी आरोग्य योजनांचा भर मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर असल्यामुळे बाह्यरुग्ण म्हणून होणाऱ्या तपासण्यांचा खर्च खिशातूनच जातो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपली जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, तरी वारंवार करायच्या तपासण्यांचा प्रश्न त्याने सुटत नाही. सोनोग्राफीला किरणोत्सर्ग नाही, पोट साफ करण्याचे औषध नाही, आणि सकाळच्या गाडीने आलेला रुग्ण दुपारी परत जाऊ शकतो.

केलेली कार्यवाही

आधी निदान पक्के करणे आवश्यक होते. कोलोनोस्कोपी पुन्हा केली. नऊ महिने क्षयाची औषधे नियमित घेऊनही व्रण जसेच्या तसे होते आणि नव्या तुकड्यांत क्षयाचा पुरावा नव्हता. आतड्यात दाह असताना विष्ठेत वाढणाऱ्या कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाचे प्रमाण ग्रॅममागे १,१८० मायक्रोग्रॅम होते. ५० च्या आतले प्रमाण सर्वसामान्य आणि २५० च्या वरचे सक्रिय दाहाचे मानले जाते. छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी तपासणी स्वच्छ आल्यावर क्रोन आजाराचे निदान लिहिले गेले.

रुग्ण, त्याची पत्नी, आई आणि थोरला भाऊ यांना बसवून दोन्ही भागांचे चित्र कागदावर काढून दाखवले. बारा आठवडे औषध देऊन कोणता भाग कसा प्रतिसाद देतो ते पाहायचे, दरम्यान उलट्या सुरू झाल्या, पोट ताठरले किंवा ताप आला तर वाट न पाहता भरती व्हायचे, आणि बाराव्या आठवड्याला शस्त्रक्रियेचा निर्णय पुन्हा घ्यायचा, असे ठरले. शल्यविशारदांना पहिल्याच दिवशी या चर्चेत घेतले होते. औषध फसले की मगच त्यांच्याकडे पाठवायचे ही पद्धत अशा रुग्णात धोक्याची असते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून उतरत्या मात्रेत नेले आणि अडॅलिमुमॅबची १६०, दोन आठवड्यांनी ८० आणि पुढे दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम अशी मात्रा दिली. २०१४ पासून या औषधाचे जैवसदृश (मूळ औषधाशी मिळतेजुळते) रूप भारतात बनते म्हणूनच ते या कुटुंबाच्या आवाक्यात आले, तेही सोसायटीचे कर्ज काढून. आहारात मऊ भात, सोललेल्या डाळीचे वरण, ताक, नाचणीची गाळलेली आंबील आणि पोषक द्रव पेये ठेवली. फणस, मका, कच्च्या भाज्या आणि शेंगदाणे बंद केले.

सोनोग्राफीबाबत एक नियम केला होता आणि पुढच्या घडामोडीत तोच सर्वांत उपयोगी ठरला. प्रत्येक वेळी तीच व्यक्ती, तेच यंत्र, तीच डॉप्लर पट्टी आणि त्याच दोन जागा. अहवालाचा नमुना आधीच छापून घेतला: भिंतीची जाडी, आजारी भागाची लांबी, थर, रक्तप्रवाह, चरबी, वाटेचा व्यास, मागच्या आतड्याचा व्यास, हालचाल, गळू व नासूर.

यात एक स्थानिक अडचण आहे. इतर काही देशांत पोटविकारतज्ज्ञ स्वतः बाह्यरुग्ण विभागात प्रोब हातात घेतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या १९९४ च्या कायद्यानुसार यंत्र, जागा आणि ते हाताळणारी पात्र व्यक्ती या सर्वांची नोंदणी लागते आणि यंत्र सहजासहजी दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. ज्या कारणासाठी हा कायदा झाला ते पाहता त्याबद्दल तक्रार करण्याचे मला काही कारण दिसत नाही. म्हणून आम्ही उलट मार्ग धरला: रेडिओलॉजी विभागात आठवड्यातील एक सकाळ आतड्याच्या रुग्णांसाठी राखून ठेवली आणि पोटविकारतज्ज्ञ त्या वेळी तिथे येऊन पडद्यावरचे चित्र पाहू लागले. रुग्णाचे पोट कुठे दुखते आणि पडद्यावर काय दिसते हे दोघांनी एकाच वेळी पाहिले, तर बरेच गैरसमज तिथल्या तिथे मिटतात.

चौथ्या आठवड्यात पहिल्या भागाची जाडी ७.८ वरून ६.१ मिलिमीटरवर आली आणि रक्तप्रवाह ३ वरून २ झाला. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार जाडीत २५ टक्क्यांहून किंवा २ मिलिमीटरहून अधिक घट, अथवा १ मिलिमीटरहून अधिक घट आणि सोबत रक्तप्रवाहात एका पायरीची उतरण, हा प्रतिसाद मानला जातो. टक्केवारीत घट २२ च्या आसपास होती, पण तिसऱ्या निकषाने हा प्रतिसाद ठरला. दुसरा भाग ५.२ होता तो ५.३ आला, म्हणजे मोजणीतल्या नेहमीच्या फरकाइतकाच. या वेळी रुग्ण म्हणत होता की त्याला पुष्कळ बरे वाटते, ताप नाही, भूक लागते. केवळ त्याच्या सांगण्यावर विसंबलो असतो तर सारे आतडे सुधारते आहे असेच वाटले असते.

बाराव्या आठवड्याचा निर्णय

बाराव्या आठवड्यात पहिल्या भागाची जाडी ४.४ मिलिमीटर होती, थर पुन्हा दिसू लागले होते आणि रक्तप्रवाह १ वर आला होता. कॅल्प्रोटेक्टिन ३१० पर्यंत उतरले आणि वजन ५१ किलो झाले. दुसऱ्या भागाची जाडी ५.१ होती, मागच्या आतड्याचा व्यास मात्र ३.१ वरून ३.४ सेंटिमीटर झाला होता. जेवणानंतरचा पीळ मऊ आहारातही आठवड्यातून दोनदा येत होता.

एकाच माणसाच्या एकाच आतड्यातल्या दोन जागा, एकच औषध, एकच कालावधी. एक जागा ओसरली आणि दुसरी हलली नाही. पहिल्या दिवशीच्या चित्रावरून जो केवळ कल सांगता येत होता, त्याला औषधाच्या कसोटीने बळ मिळाले. तरीही औषधाची मात्रा वाढवून आणखी बारा आठवडे थांबावे, असे एक मत विभागात होते, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. अशा प्रयत्नांनी काही रुग्णांची शस्त्रक्रिया टळते. आम्ही थांबलो नाही त्याचे कारण मागच्या आतड्याचा वाढता व्यास. भिंतीची जाडी स्थिर असून मागचे आतडे फुगत जाते, तेव्हा भार वाढतो आहे आणि वेळ आपल्या बाजूने नाही, असाच त्याचा अर्थ मी घेतो. शिवाय पावसाळा सुरू झाला होता. रात्री आतडे पूर्ण अडले आणि नाल्याला पूर आला असेल, तर त्याच्या गावातून बेळगाव गाठणे अवघड, हा विचारही निर्णयात धरला होता.

शस्त्रक्रिया आणि परिणाम

नियोजित शस्त्रक्रियेत झडपेजवळचा ११ सेंटिमीटरचा भाग शल्यविशारदांनी हाताने चाचपून पाहिला आणि तो लवचिक वाटल्यामुळे तसाच ठेवला. वरचा आखूड तुकडा कडक होता. तो न काढता लांबीत कापून आडवा शिवण्याचा, म्हणजे स्ट्रिक्चरोप्लास्टीचा विचार होता, पण निदानाचा इतिहास वादाचा असल्यामुळे तो तपासणीसाठी पूर्ण काढणेच योग्य ठरले. एकूण सुमारे ७ सेंटिमीटर आतडे गेले. पिशवी लावावी लागली नाही.

पॅथॉलॉजीच्या अहवालात अधःश्लेष्म थरात घट्ट तंतुमय वण, जाडावलेला स्नायूथर आणि क्षयासारखी कुज नसलेल्या सूक्ष्म गाठी आढळल्या, आणि त्यासोबत मध्यम प्रमाणातला जुनाट दाहही. डॉप्लरमध्ये जवळजवळ न दिसलेली सूज सूक्ष्मदर्शकाखाली होतीच. ‘वण आहे’ हा आमचा निष्कर्ष उपचाराच्या दृष्टीने बरोबर ठरला, पण ‘फक्त वण आहे’ असे अहवालात लिहिले असते तर ते खोटे ठरले असते.

अडॅलिमुमॅब पुढे सुरू ठेवले. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी पहिल्या भागाची जाडी ३.४ मिलिमीटर होती, कॅल्प्रोटेक्टिन १४० आणि वजन ५६ किलो. रुग्ण टेंपो चालवतो आणि नेहमीचे जेवण घेतो.

वेगळे काय करता आले असते

क्षयाची औषधे सुरू करण्याच्या दिवशीच मोजमापांसह एक सोनोग्राफी झाली असती आणि दोन महिन्यांनी तीच पुन्हा झाली असती, तर जाडी न घटल्याचे सात महिने आधी लक्षात येऊन कोलोनोस्कोपी पुन्हा करण्यास सबळ कारण मिळाले असते. भारतातील अनुभव असा आहे की क्रोनच्या रुग्णाला क्षयाची औषधे दीर्घकाळ दिली की मूळ दाह चालूच राहतो आणि आतडे आकसण्याचे प्रमाण वाढते. या रुग्णाच्या दुसऱ्या भागातला वण त्याच महिन्यांत घट्ट झाला असे सिद्ध करता येत नाही, कारण तेव्हाचे एकही मोजमाप नाही. पण दोन महिन्यांचा टप्पा चुकू नये, हे तालुक्याच्या ठिकाणीही पाळता येण्याजोगे आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. अपेंडिक्स पाहणारा कोणताही रेडिओलॉजिस्ट भिंतीची जाडी मोजू शकतो आणि अहवालात एक ओळ लिहू शकतो.

पहिल्या तपासणीत रुग्णाला आतडे द्रवाने भरणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण पाजून सोनोग्राफी केली असती तर वाटेचा व्यास अधिक स्पष्ट दिसला असता. नुकतेच आतडे अडून गेलेल्या रुग्णाला एवढा द्रव पाजणे तेव्हा धोक्याचे वाटले आणि आजही वाटते; बाराव्या आठवड्याला मात्र ते थोड्या प्रमाणात करून पाहता आले असते. सीटीच्या अहवालात दोन भाग सलग दिसले, कारण अडथळ्याच्या दिवशी सारीच वेटोळी फुगून एकमेकांवर दाबली गेली होती. अशा दिवशी काढलेल्या चित्रावरून किती आतडे काढायचे याचा निर्णय घेण्याऐवजी आतडे मोकळे झाल्यावर पुन्हा पाहावे.

सोनोग्राफीच्या मर्यादा या रुग्णात फारशा आड आल्या नाहीत, हे त्याच्या बारीक अंगकाठीमुळेही झाले. जाड पोट, ओटीपोटात खोल गेलेली वेटोळी, वरच्या लहान आतड्यातला आजार आणि गुदाशय यांत ती अपुरी पडते आणि तिथे एमआरआयला पर्याय नाही. तपासणाऱ्याच्या हातावर ती अवलंबून असते हा आक्षेपही खरा आहे. आमच्याकडे दुसऱ्या एका रेडिओलॉजिस्टने बाराव्या आठवड्याची मोजमापे आधीचे आकडे न पाहता स्वतंत्रपणे घेतली आणि दोघांत अर्ध्या मिलिमीटरच्या आतला फरक आला. हे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते, म्हणून आता नव्या रुग्णांच्या पहिल्या आणि निर्णयाच्या तपासणीत दोघांची मोजणी ठेवली आहे.

पुढचा पाठपुरावा कसा ठेवायचा, हा प्रश्न या रुग्णात थोडा वेगळा आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी करून जोडाच्या ठिकाणी आजार परतला का ते पाहण्याची पद्धत आहे, पण याचा जोड झडपेपासून बराच वर असल्यामुळे नेहमीची दुर्बीण तिथे पोहोचत नाही. कोलोनोस्कोपीने झडपेजवळचा भाग पाहिला जाईल. जोडाची राखण सोनोग्राफी आणि कॅल्प्रोटेक्टिन यांवरच आहे. पहिली दोन वर्षे दर चार महिन्यांनी जोडाच्या दोन्ही बाजूंची जाडी आणि मागच्या आतड्याचा व्यास मोजायचा, आणि जाडी ३ मिलिमीटरच्या वर गेली किंवा मागचे आतडे पुन्हा फुगू लागले तर एमआरआय काढून औषधाची पातळी तपासायची, असे ठरले आहे. ही मोजमापे लिहिलेली मराठी वही रुग्णाच्या हाती दिली आहे, म्हणजे तो पुढच्या वेळी मिरजेला गेला काय किंवा कोल्हापूरला, समोरच्या डॉक्टरांना मागचे आकडे मिळतील.